पुलाच्या मध्यावरची वाट

ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली दक्षिणेस जे शहर पसरले आहे त्याचे नाव लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी तेथे आपला तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी वाडे उठले, बाजार भरले, मराठी घराण्यांच्या कित्येक पिढ्या तेथे नांदल्या. नाव मात्र छावणीचेच राहिले. छावणी म्हटली की कूच आलेच, आणि उत्तर हिंदुस्थानात कूच म्हटले की नदी आलीच. नर्मदा मागे टाकून वर निघालेल्या मराठी फौजेला सिंध, चंबळ, यमुना, गंगा अशा एकीमागून एक नद्या आडव्या येत. किल्ल्यांची आणि लढायांची वर्णने आपल्या इतिहासग्रंथांत विपुल आहेत. परंतु या नद्यांवर पूल कसा घातला जाई, आणि पूल अर्धा झालेला असताना त्याच पाण्यावरून शिडाची नाव नेणाऱ्या नावाड्याची वाट कोठून जाई, याकडे इतिहासकारांचे लक्ष सहसा गेलेले नाही. वास्तविक पूल आणि नाव यांचे भांडण फार जुने आहे. रस्त्याला नदी ही अडचण वाटते. नावाड्याला पूल ही अडचण वाटते. आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते.

ग्वाल्हेरपुरते बोलायचे तर या भांडणाची जागा म्हणजे धोलपूरजवळचा चंबळेचा राजघाट. आग्र्याहून मुंबईस जाणारा हमरस्ता येथे नदी ओलांडतो. १८०५ च्या तहाने चंबळ ही शिंदे व इंग्रज यांच्या मुलखांमधील सीमा ठरली, त्यामुळे या घाटास राजकीय महत्त्वही आले. चंबळ ही दिसण्यात फसवी नदी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी छापलेल्या सरकारी गॅझेटियरात तिचे जे आकडे दिले आहेत ते पाहण्यासारखे आहेत. कोरड्या दिवसांत ती सुमारे ३०० यार्ड रुंद, संथ आणि आजूबाजूच्या भूमीपेक्षा पुष्कळ खाली वाहणारी. पावसाळ्यात तीच उन्हाळ्यातील पातळीच्या वर साधारण ७० फूट चढते, रुंदी आणखी शंभराहून अधिक यार्डांनी वाढते आणि प्रवाह ताशी साडेपाच मैलांच्या वेगाने धावू लागतो. सत्तर फूट म्हणजे सहा-सात मजली इमारतीची उंची. जी नदी वर्षातून एकदा एवढी उसळते तिच्यावर दगडी खांब उभे करण्याची छाती जुन्या काळी कोणाची नव्हती. यास्तव तेथे होड्यांचा पूल असे. १ नोव्हेंबरच्या सुमारास तो जोडायचा आणि १५ जूनच्या सुमारास सोडायचा, असा नेम होता. उरलेले साडेचार महिने एका मोठ्या नावेतून माणसे, बैल आणि गाड्या पार होत.

होड्यांचा पूल ही कल्पना सोपी वाटते. करणे सोपे नसते. सपाट बुडाच्या मोठ्या होड्या प्रवाहाच्या दिशेने तोंड करून शेजारी शेजारी ठराविक अंतरावर उभ्या करावयाच्या. प्रत्येकीचा नांगर वरच्या अंगास दूरवर टाकावयाचा. होडीवरून होडीवर लांब तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या, फळ्यांवर गवत आणि माती, म्हणजे बैलांचे खूर घसरत नाहीत. दोन्ही तीरांना उतरण बांधून हा तरंगता रस्ता जमिनीला जोडावयाचा. सगळे वजन पाणी उचलते, म्हणून खांब लागत नाहीत. पण सगळा ताण नांगरांवर येतो, म्हणून नांगर सुटला की पूल सुटला. पाण्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा त्याचा रेटा चौपट होतो, हा हिशेब येथे फार कठोरपणे लागू पडतो. शिवाय पुराबरोबर उपटून आलेली झाडे होड्यांच्या तोंडाशी अडकतात आणि पाहता पाहता पुलाचा बांध होतो. होड्या सत्तर फूट वर तरंगू शकतील. त्यांचे नांगरदोर आणि काठावरच्या उतरणी इतक्या वर कशा जाणार? जूनमध्ये पूल सोडण्याचा नेम नदीनेच घालून दिला होता.

असा पूल नदीला या तीरापासून त्या तीरापर्यंत बंद करून टाकतो. डोलकाठीची नाव राहू द्या, साधी मासेमारीची होडीही त्याखालून जाणे कठीण, कारण फळ्या पाण्यापासून हात-दोन हात उंचीवर. म्हणून मध्यावर, जेथे पाणी खोल तेथे, दोन-तीन होड्यांचा एक तुकडा सुटा ठेवीत. नाव आली की वरच्या फळ्या काढावयाच्या, हा तुकडा नांगरदोर सैल सोडून प्रवाहाबरोबर थोडा खाली घ्यावयाचा, बाजूला करावयाचा, नाव गेली की पुन्हा ओढून जागेवर बसवावयाचा. आपल्याकडे ‘उचलता पूल’ म्हटला की भुईकोट किल्ल्याच्या खंदकावरचा पूल डोळ्यांपुढे येतो. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्याला तसा पूल होता. खंदकावरचा पूल शत्रूला वाट बंद करण्यासाठी उचलतात; नदीवरचा पूल नावेला वाट देण्यासाठी उघडतात. करणी एकच, हेतू उलटे. तथापि हे अंतर वाटते तितके मोठे नाही, हे पुढे दिसून येईल.

पूल पुरा झालेला असेल तर नावाड्याला निदान वाट कोठे आहे हे ठाऊक असते. खरी कसोटी लागते ती पूल बांधला जात असताना. दोन्ही तीरांकडून होड्या जोडीत आणलेल्या असतात, मध्ये खिंड उरलेली असते, आणि ती रोज थोडी थोडी अरुंद होत जाते. पाण्याला जाण्यास जागा कमी झाली की ते जागा भरून काढते वेगाने. वरच्या अंगास पाणी किंचित फुगते, खिंडीतून जोराने सुटते आणि खाली दोन्ही बाजूंना भोवरे करते. शिवाय वरच्या अंगास नांगरांचे दोर पाण्याखाली तिरपे पसरलेले. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि सुकाणूला मात्र बरोबर सापडतात.

अशा जागी शीड उभारून जाणे हा वेडेपणा होय. वारा ऐन वेळी पडला किंवा फिरला तर नाव आडवी होऊन होड्यांवर आदळणार. म्हणून जाणता नावाडी पुलाच्या बऱ्याच वर थांबतो, शीड उतरवतो, डोलकाठी निघत असेल तर तीही आडवी करतो. नंतरची युक्ती ऐकणाऱ्याला उलटी वाटते. नाव प्रवाहाबरोबर मोकळी सोडली तर ती पाण्याच्याच वेगाने जाते. नाव आणि पाणी बरोबर चालले की सुकाणूला धरायला पाणीच उरत नाही, आणि सुकाणू असून नसल्यासारखे होते. तेव्हा नावाडी नाव प्रवाहाकडे तोंड करून वळवतो आणि नांगर तळाला नुसता घासत राहील इतकाच दोर सोडतो. आता नाव पाण्यापेक्षा हळू जाते, पाणी तिच्या बाजूंवरून पुढे सरकत राहते, आणि सुकाणू ऐकू लागते. अशा रीतीने, पाठमोरी, नांगर फरफटत, दोन्ही बाजूंना लांब बांबू घेतलेली माणसे उभी करून नाव खिंडीतून खाली उतरवली जाते. लंडनच्या थेम्सवरील मालवाहू होड्यांचे नावाडीही हीच युक्ती करीत. ती कोणी कोणाला शिकवली नाही, नद्यांनी दोघांनाही शिकवली.

प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या नावेची अडचण निराळी. यमुनेवर आणि गंगेवर वारा अनुकूल नसला की डोलकाठीला लांब दोर बांधून काठावरून चालणारी माणसे नाव ओढीत नेत. पुलाशी आल्यावर हा दोर पुलाच्या पलीकडे कसा न्यावयाचा? ओढणारे थांबणार, दोर सुटणार, होडीतून वर नेला जाणार, पुन्हा बांधला जाणार. आणि मधल्या वेळी नाव बांबूंवर आणि देवावर. काल्पीहून कापूस भरून निघालेल्या नावा खाली प्रयागकडे, मिर्झापूरकडे जात. परत येताना त्यांना हे करावे लागे. व्यापाऱ्याच्या वहीत या विलंबाची नोंद खर्च म्हणून होई. नावाड्याच्या घरी ती जिवाच्या धोक्याची गोष्ट होती.

आता हीच गोष्ट फौजेच्या बाजूने पाहू. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवराव भाऊ दक्षिणेतून निघाले, मेच्या अखेरीस ग्वाल्हेरीस पोहोचले आणि जूनमध्ये चंबळ उतरले. त्यांच्याबरोबर इब्राहिमखान गारद्याचा जड तोफखाना होता, यात्रेकरू आणि कुटुंबकबिले होते. भाऊंचा पहिला बेत यमुनेवर इटाव्याकडे होड्यांचा पूल बांधून दुआबात उतरण्याचा होता. त्यायोगे अब्दाली आणि नजीबखान यांना गाठावे आणि अयोध्येच्या शुजाउद्दौल्यास त्यांच्यात मिळू देऊ नये. होड्या जमवण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे सोपवले होते आणि त्याविषयी भाऊ वारंवार लिहीत होते. होड्या पुरेशा जमल्या नाहीत. तेवढ्यात पाऊस लागला आणि यमुना भरली.

गोविंदपंतांवर या प्रसंगी दोष पुष्कळांनी ठेवला आहे. त्यांचा हात आखडता होता हे मान्य केले तरी एक गोष्ट विसरता कामा नये. होडी ही नावाड्याचे शेत असते. फौजेने होडी मागितली की ती परत येईल याचा भरवसा नसतो, भाडे मिळेल याचा तर नसतोच. अशा वेळी होडी दूर घाटावर नेऊन लपवणे यात नावाड्याचा काही अपराध आहे असे कोण म्हणेल? त्यातून एक तीर मराठ्यांच्या बाजूचा आणि दुसरा अब्दालीच्या मित्रांच्या फौजा फिरत असलेला. शेकडो होड्या, त्यांच्या दुप्पट नांगर, मैलभर दोर आणि कुशल हात हे सर्व महिन्याभरात उभे करावयाचे, आणि तेही चढत्या पाण्यात! राजघाटासारख्या शांततेच्या काळच्या पुलालाही नोव्हेंबरची वाट पाहावी लागे. भाऊंना तो जून-जुलैत हवा होता. जुलैमध्ये शुजा अब्दालीस जाऊन मिळाला. भाऊ यमुनेच्या पश्चिम तीरानेच वर सरकले, ऑगस्टच्या आरंभी दिल्ली घेतली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. पाणी ओसरू लागताच ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ उताराने नदी ओलांडली. त्यानेही पूल बांधला नाही. त्याची काही माणसे वाहून गेली, पण फौज पार झाली. तो भाऊंच्या आणि दक्षिणेच्या वाटेमध्ये येऊन उभा राहिला. १४ जानेवारी १७६१ चे पुढचे सांगावयास नको. पानिपतावरून जे जिवंत सुटले त्यांना सुरजमल जाटाने आसरा दिला आणि त्यांतील पुष्कळजण, भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंसह, ग्वाल्हेरीस येऊन पोहोचले. जाताना जी चंबळ उत्साहाने उतरली तीच परतीच्या वाटेवर पुन्हा उतरावी लागली.

पराभवाची कारणे अनेक होती. न झालेला पूल हे त्यांतील एक. परंतु त्या एकाच्या मागे ऋतूचा हिशेब होता, आणि तो इंग्रजांनी चुकवला नाही. १८४३ मध्ये ग्वाल्हेरच्या दरबारावर चालून येताना सर ह्यू गफच्या फौजेने चंबळ ओलांडली ती डिसेंबरात. २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनियार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या आणि शिंद्यांच्या सैन्याचा मोड झाला. नदी तीच; महिना निराळा.

१८५७ मध्ये तर होड्यांचे पूल इतिहासाच्या ऐन मध्यभागी आले. ११ मे रोजी मेरठचे स्वार दिल्लीत शिरले ते यमुनेवरील होड्यांच्या पुलावरून. पूल वेळेवर उघडला असता, म्हणजे मधल्या होड्या काढल्या असत्या, तर ते निदान काही काळ पलीकडे अडले असते. नावेला वाट देणारी युक्तीच शत्रूची वाट तोडते असे जे वर सुचवले त्याचा अर्थ हा. त्याच वर्षी नोव्हेंबरात तात्या टोपे ग्वाल्हेर कंटिंजंटची पलटणे घेऊन काल्पीहून यमुना उतरले आणि कानपुरावर चालून गेले. २६ ते २८ नोव्हेंबर या तीन दिवसांत त्यांनी जनरल विंडहॅमला मागे रेटले, शहर घेतले. राहिली होती गंगेकाठची तटबंदी आणि तिच्या आड असलेला होड्यांचा पूल. सर कॉलिन कँपबेल लखनौहून स्त्रिया, मुले आणि जखमी यांचा तांडा घेऊन परत येत होता. तो पूल गेला असता तर कँपबेल गंगेच्या पलीकडे अडकला असता. तटबंदीच्या तोफांच्या आड पूल शाबूत राहिला, तो सगळा तांडा तोफांच्या माऱ्यात त्यावरून पार झाला, आणि ६ डिसेंबरच्या लढाईत तात्यांची सरशी मोडली. ग्वाल्हेरच्या फौजांच्या वाट्याला आलेले हे दोन पूल जवळ जवळ ठेवून पाहावेत: १७६० मध्ये जो बांधता आला नाही तो, आणि १८५७ मध्ये जो तोडता आला नाही तो. दोन्ही ठिकाणी प्रश्न मध्यावरच्या काही होड्यांचा होता.

लोखंड आणि रेल्वे आली तेव्हा हे सारे पालटले. १८७२ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी आग्रा–ग्वाल्हेर लोहमार्गासाठी ७५ लक्ष रुपये कर्जाऊ दिले. १८७८ मध्ये गाडी धोलपूरपर्यंत आणि १८८१ मध्ये ग्वाल्हेरपर्यंत पोहोचली. या मार्गावर चंबळेवर पक्का पूल उभा राहिला. येथे चंबळेच्या दुर्गुणाचा गुण झाला. तिचे काठ इतके उंच की लोहमार्ग त्या उंचीवरून सरळ नेला असता खाली नावेला भरपूर जागा उरते; पूल उघडण्या-मिटण्याची गरजच पडत नाही. पण सर्वच नद्या अशा सोयीच्या नसतात. ज्या वर्षांत ग्वाल्हेरचा मार्ग आखला जात होता त्याच वर्षांत कलकत्त्यात हुगळीवर याच्या अगदी उलट स्वरूपाचा प्रश्न सोडवला जात होता. काठ सखल, पात्र रुंद, भरती-ओहोटी रोजची, आणि वरच्या बाजूला गलबते व आगबोटी यांची सतत जा-ये. तेथे स्थिर आणि उंच पूल बांधावयाचा तर चढणी मैलभर लांब कराव्या लागल्या असत्या. तेव्हा सर ब्रॅडफर्ड लेस्ली या इंजिनियराने जुन्या होड्यांच्या पुलाचीच कल्पना लोखंडात उतरवली. विलायतेत तयार केलेले भाग जहाजाने आणून कलकत्त्यास जोडले. लांबी १५२८ फूट, रुंदी ६२ फूट, आणि जहाजांना जाण्यासाठी मध्ये २०० फुटांची उघडणारी वाट. राजघाटावर दोन-तीन होड्या बाजूला करीत, येथे लोखंडी तरंड्यांचा प्रचंड तुकडा बाजूला करावयाचा, एवढाच फरक.

आणि अर्धवट पुलाचे संकट तेथेही चुकले नाही. काम पुरे होत आले असताना २० मार्च १८७४ रोजी कलकत्त्यावर मोठे वादळ आले. ‘एजेरिया’ नावाची आगबोट बंधनातून सुटली आणि प्रवाहाबरोबर येऊन सरळ पुलावर आदळली. तीन तरंडी बुडाली, सुमारे २०० फूट लांबीचा पूल मोडला. वर ज्या खिंडीचे वर्णन केले ती नावाड्याला धोक्याची. पण सुटलेल्या जहाजाकडून पुलालाही तितकाच धोका, हे त्या दिवशी दिसले. नांगर धरून, पाठमोरे, सुकाणू जागे ठेवून जाणारे जहाज आणि नांगर तुटून येणारे जहाज यांत केवढे अंतर आहे! दुरुस्ती होऊन १७ ऑक्टोबर १८७४ रोजी पूल वाहतुकीस खुला झाला. पुढे साठ-सत्तर वर्षे कलकत्त्याच्या माणसाला पूल उघडण्याच्या वेळा सांभाळून हावड्याची गाडी गाठावी लागे. १९०६ पर्यंत तो फक्त दिवसा उघडत. त्या वर्षापासून समुद्रगामी आगबोटी वगळून इतर नावांसाठी रात्री उघडू लागले. दिवसाच्या गाड्यांची गर्दी टाळण्यासाठी ही तडजोड होती. अखेर १९४३ मध्ये नवा हावडा पूल झाला. त्याचे दोन्ही अर्ध दोन्ही तीरांवरून हवेत पुढे पुढे वाढवीत नेले. नदीच्या पात्रात एकही खांब घातला नाही. बांधकामाच्या काळातही नावेची वाट त्यामुळे मोकळी राहिली.

बांधकाम चालू असताना नावेचा हक्क कसा राखावा याचा सर्वांत नेटका दाखला मात्र लंडनचा. टॉवर ब्रिजला परवानगी देणारा कायदा पार्लमेंटने १८८५ मध्ये केला, त्यात एक अट घातली: काम चालू असताना नदीत सदैव १६० फूट रुंदीचा मार्ग जहाजांसाठी मोकळा राहिलाच पाहिजे. अट वाचायला एका ओळीची. तिने इंजिनियर जॉन वुल्फ बॅरी यांना वर्षानुवर्षे जखडून ठेवले. मार्ग मोकळा ठेवायचा म्हणून पात्रातील दोन्ही अजस्र खांबांचे काम एकाच वेळी पूर्ण गतीने करता येईना आणि वेळ वाढत गेला. पुलाच्या मधल्या दोन उचलत्या बाजू, प्रत्येकी हजार टनांहून जड, आडव्या बांधल्या असत्या तर नदी बंद पडली असती. म्हणून त्या आकाशाकडे तोंड केलेल्या, उभ्याच बांधल्या. शिडाची गलबते, कोळशाच्या बोटी आणि मालाच्या होड्या आठ वर्षे त्या वाढत्या लोखंडाच्या खालून जात राहिल्या. ३० जून १८९४ रोजी पूल खुला झाला. तेथे जहाजाला रस्त्यावरच्या गाडीपेक्षा आजही अग्रहक्क आहे. चोवीस तास आधी कळवले की लहानशा शिडाच्या नावेसाठीही पूल उचलतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

असा एका ओळीचा कायदा गोविंदपंतांच्या मदतीला नव्हता आणि काल्पीच्या कापसाच्या नावाड्यालाही नव्हता. आपल्याकडे जे झाले ते बहुधा नावाड्यांनीच सहन करून झाले. रेल्वे आली तसा यमुनेवरचा कापूस गाडीत चढला, नावा कमी झाल्या, आणि वाट मोकळी ठेवण्याचा आग्रह धरणारेच उरले नाहीत. समुद्राच्या बाजूला मात्र हा आग्रह टिकून राहिला. रामेश्वराच्या वाटेवरील पांबनचा पूल १९१४ मध्ये झाला तो मध्यभागी उघडणारा. १९६४ च्या डिसेंबरातील वादळात त्याचा बराच भाग वाहून गेला तरी उघडणारा भाग उभा राहिला. त्याच्या शेजारी बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटर लांबीचा मधला भाग आडवा असतानाच सरळ १७ मीटर वर उचलला जातो. कोळ्यांच्या नावा पूर्वीप्रमाणेच खालून जातात.

राजघाटावर महामार्गाचा पक्का पूल झाला आणि तेथील होड्यांचा पूल इतिहासजमा झाला. चंबळेच्या खालच्या अंगास मात्र त्याची परंपरा पुष्कळ काळ टिकली. मुरैना जिल्ह्यातील उसैद घाट आणि भिंड जिल्ह्यातील अटेर येथे एकविसाव्या शतकातही दरवर्षी पावसाळा सरला की तरंगता पूल जोडीत आणि जून आला की सोडीत. लाकडी होड्यांच्या जागी बंद लोखंडी पीपे आले, त्यामुळे लोक त्याला पीप्यांचा पूल म्हणतात. सोडण्या-जोडण्याचे महिने गॅझेटियरात लिहिले आहेत तेच. पुलाचे काम लांबले की पलीकडच्या आग्रा जिल्ह्यात जाणाऱ्यांना स्टीमरची वाट पाहावी लागे, नाहीतर पुष्कळ मैलांचा वळसा घ्यावा लागे. या घाटांवर पक्क्या पुलांची कामेही हाती घेण्यात आली. नदीचा हा भाग आता घडियालांसाठी राखलेला असल्यामुळे काम करणाऱ्यांना नावाड्याबरोबर सुसरींच्या वाटेचाही विचार करावा लागतो. ऑक्टोबरच्या शेवटी, पीपे दोन्ही तीरांकडून जोडीत आणलेले आणि मध्ये खिंड उरलेली असते, तेव्हा माणसांनी भरलेली होडी तिथूनच पार होते. तिचा नावाडी दोन बांबूंवर तिला सांभाळतो आणि पाण्याखालचे दोर कोठे आहेत ते वरून टाकलेल्या तरंडांवरून ओळखतो.